ठासणीच्या रायफलीला दारू कोणती: लॉग ३, जाड दाणा की बारीक

मागच्या लॉगमध्ये सांगितलं होतं की आजोबांची टोपीची रायफल (तोंडाकडून दारू आणि गोळी ठासायची, मागे निपलवर बसवलेली छोटी स्फोटक टोपी फुटून दारू पेटते) वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली आणि गनस्मिथने नळी आतून बघून, ब्रीच (नळीचा मागचा बंद भाग) आणि निपलचे आटे तपासून चालवायला हरकत नाही म्हटलं. आता दारूचं बघू, कारण गेले ३ महिने डोक्यात तेवढंच चाललंय. रायफल पॉइंट ५० बोअरची (नळीचं भोक अर्धा इंच), गोल शिशाची गोळी, ११ नंबरची टोपी.

आधी एक गोष्ट, कारण गावाकडे निफाडला दोघातिघांनी मला हे सुचवलंय. फटाक्याची दारू किंवा काडतूस फोडून काढलेली दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा घालायची नाही. फटाक्यात ॲल्युमिनियमची पूड असू शकते, आणि काडतुसातली बिनधुराची दारू बंद नळीत एवढा दाब करते की जुनं लोखंड फाटतं आणि तुमचा डावा हात नेमका तिथेच असतो. काळी दारूच, ती पण परवाना असलेल्या दुकानातून, परवान्यावर नोंद करून. बाहेरचे लोक काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन अशा तयार पर्यायी दारू वापरतात, मला ते इथे मिळालं नाही आणि तसंही ते पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते, ११ नंबरच्या टोपीची ठिणगी कधीकधी कमी पडते, त्यामुळे मी त्याच्या मागे लागलो नाही.

दाण्याचं गणित साधं आहे. काळ्या दारूची जाडी इंग्रजी एफ अक्षराने सांगतात, एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. २एफ साधारण पॉइंट ५० आणि त्यावरच्या बोअरला, ३एफ त्याखालच्या रायफलींना आणि पिस्तुलांना, ४एफ चकमकीच्या बंदुकीच्या कानात (ठिणगी पडते त्या बाहेरच्या खळग्यात). बारीक दाणा भराभर जळतो म्हणून तेवढ्याच मापाला दाब जास्त, म्हणून २एफवरून ३एफवर जाताना माप १० ते १५ टक्के कमी करतात. पॉइंट ५० मध्ये दोन्ही चालतात आणि माझा घोळ तिथेच होता. दुकानदाराकडे जाड (२एफ) आणि बारीक (३एफ) दोन्ही होती, दोन्ही थोडीथोडी घेतली.

माप अंबडच्या एमआयडीसीत एका टर्नरकाकांकडून पितळेचं करून घेतलं, ठिणगी पडत नाही म्हणून पितळ. सराफ बाजारातून छोटा काटा आणला आणि खुणा करून घेतल्या, ५० ग्रेन म्हणजे ३.२४ ग्रॅम. डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही, आधी मापात मग नळीत. आत निखारा राहिलेला असला तर एक माप पेटेल, अख्खा डबा नाही.

पहिला दिवस, रेंजवर ५० मीटर, रायफल टेकवून. आधी दारू न भरता दोन नुसत्या टोप्या उडवल्या, निपलमधलं तेल जळून जावं म्हणून. जाड दाणा ५० ग्रेन, ५ गोळ्यांची भोकं साडेचार इंचांच्या पसाऱ्यात (पसारा कमी तितका नेम चांगला). ५५ ला चार इंच. बारीक दाणा ४५ ग्रेनला तीन इंच! मी खूश, म्हटलं झालं, बारीकच घ्यायची. घरी येऊन वही उघडली तर लक्षात आलं की बारीक मारताना मी दर गोळीनंतर ओली चिंधी फिरवली होती आणि जाड मारताना पाच गोळ्या सलग, कारण तेव्हा घाई होती. म्हणजे मी दारू तपासतच नव्हतो, काजळी तपासत होतो.

एप्रिलमधली नाशिकची हवा तुम्हाला माहितीये, कोरडी कडकडीत, आणि कोरड्या हवेत काळ्या दारूची काजळी नळीत घट्ट बसते, तिसऱ्या गोळीला गज (गोळी ठासायची काठी) अर्ध्यावर अडायला लागतो, मग जोर लावून ठासताना दाणे चुरडतात आणि दरवेळी दाब वेगळा. गोळी दारूवर नीट टेकलीच नाही तर अजून वाईट, मध्ये पोकळी राहिली की नळी फुगू शकते. म्हणून गजावर खूण केली, गोळी पूर्ण बसली की खूण तोंडाशी आली पाहिजे.

मग गोळीभोवती गुंडाळून ठासतात त्या चिंधीवर मेहनत घेतली. मांजरपाट धुऊन खळ काढली (पॉलिस्टर मिसळ नको, वितळून नळीला चिकटतं) आणि सुरगाण्याकडून आणलेलं मधमाशीचं मेण खोबरेल तेलात पातळ करून लावलं. मशीनचं तेल लावलं की काजळीचं डांबर होतं, ते मी एकदा करून बघितलंय. आपल्याकडे १८५७ मध्ये ज्या काडतुसांच्या चरबीवरून एवढं पेटलं ती चरबीसुद्धा याच कामाला होती, एन्फिल्डची गोळी नळीत सहज उतरावी आणि काजळी मऊ राहावी. त्या पॉइंट ५७७ रायफलीला अडीच ड्राम म्हणजे साधारण ६८ ग्रेन दारू पडायची, त्यामुळे माझं ५०-५५ मला योग्यच वाटतं.

दुसरा दिवस, दोन्ही दारूंना सारखी वागणूक, दर गोळीनंतर नळी पुसायला एक ओली एक कोरडी चिंधी, गजावर सारखाच जोर. बारीक ४५ ग्रेन पावणेतीन इंच, जाड ५५ ग्रेन पण पावणेतीन इंच. एक टोपी नुसती फुटली, दारू पेटली नाही, नळी टार्गेटकडेच धरून एक मिनिट मोजलं आणि मग दुसरी टोपी लावली, उडाली.

तर निर्णय जाड दाणा, ५५ ग्रेन. नेम सारखाच मिळत असेल तर आजोबांच्या नळीवर जास्तीचा दाब मला टाकायचा नाही. बारीक दाणा परत विकत घेणार नाही. दारू मूळ डब्यातच, कुलपात, गॅस आणि देवघर दोन्हीपासून लांब. रायफल त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि साबणाने धुतली, पुसून तेल लावलं, काजळीतले क्षार रातभरात गंज आणतात.

पुढच्या वेळी पावसाळी दमट हवेत हेच ५५ ग्रेन मारून बघायचंय, काजळी मऊ राहिली तर मधली पुसापुशी दर गोळीऐवजी दर तीन गोळ्यांनी चालते का ते. कोणी मांजरपाटाऐवजी खादी वापरत असेल तर जाडी मोजून सांगा.