चाबी कोनापाशी ठेवसान?

तलाव पाहायचा असेल तर ट्रॉलीवर चढा, असं त्या माणसानं सांगितलं तेव्हाच मी मागं फिरायला पाहिजे होतं. पण आमचे हे चढलेसुद्धा. वय 57, गुडघ्याला पट्टा, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून कपाळावर आडवा हात धरून म्हणतात, "दिसते, दिसते! पाणी दिसते!"

मी खाली, कापलेल्या धानाच्या धसकटात. चुन्याच्या फक्क्या मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर बांबूच्या खुंट्या, खुंट्यांना लाल चिंध्या. याला म्हणायचं 'लेक व्ह्यू प्लॉट'. लेक कुठं? तर पाळीच्या पलीकडे. पाळ पाणी अडवायला बांधलेली, दाखवायला नाही, हे त्या माणसाच्या जाहिरातीत नव्हतं. "घर बांधलं की वरच्या मजल्यावरून फुल व्ह्यू मिळते मॅडम," तो म्हणाला. मी विचारलं, खालच्या मजल्यावर काय मिळते? तो हसला. आमच्या ह्यांना हसू आलं नाही.

मूळ दुखणं दिवेआगरचं. फेब्रुवारीत पुण्याच्या भाचीनं आम्हाला तिकडे नेलं. आम्ही ब्रम्हपुरीची माणसं. समुद्र पाहायचा म्हणजे नागपूरपर्यंत एसटी, रात्रभर रेल्वे, मग भाचीच्या गाडीतून माणगाव, म्हसळा अशी वळणं खात, एकदा गाडी थांबवून उलटी करत पोचायचं. शनिवारी पोचलो तर किनाऱ्यावर माणूसच माणूस. घोडागाडी, चार चाकांच्या फटफट्या, उकडीच्या मोदकासाठी रांग. नवरा चिडला: "यापेक्षा आपली जत्रा बरी." रविवारी संध्याकाळी सगळ्या गाड्या एका दमात परत गेल्या. भाचीला सुट्टी होती म्हणून आम्ही मंगळवारपर्यंत राहिलो, आणि घात झाला तो सोमवारी. सकाळी ओहोटी लागलेली, ओल्या वाळूवर एक कुत्रा आणि आम्ही दोघं. हे तासभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथं एक घर पाहिजे."

जीव जडला सोमवारवर आणि घर घ्यायचं शनिवार-रविवारसाठी, कारण निवृत्तीला अजून वेळ आहे. ही गोष्ट मी तेव्हाही सांगून पाहिली.

दुसरं एक मी पाहिलं, ते त्यांनी नाही पाहिलं. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, फळीखाली ओळीनं खिळे मारलेले, आणि खिळ्यांना किल्ल्या. प्रत्येकीला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर पेनानं नाव: ठाणे, औंध, डोंबिवली दोन. मी नऊ मोजल्या. सोमवारी दुपारी काकू ही घरं उघडायला निघाल्या, मीही सोबत गेले. पहिल्याच कुलपात किल्ली फिरेना. खाऱ्या हवेनं धरलेलं. त्यांनी कमरेच्या पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली, नारळाचा हीर त्यात बुडवला आणि कुलपाच्या भोकात फिरवला, कानात औषध घालतात तसा. आत सुंदर घर. मिक्सर खोक्यातच. खिडकीच्या गजांना गंजाचे पापुद्रे, गादीला दमट वास. भिंतीवरचं कॅलेंडर मागल्या दिवाळीवर थांबलेलं. काकूंनी खिडक्या उघडल्या, गादी उभी केली, फरशीवरून एक हात झाडू मारला आणि पायरीवर बसल्या.

"पैसे वेळेवर देतात हो," त्या म्हणाल्या. "माणसं चांगली आहेत. फक्त येत नाहीत."

मग 2020 च्या 3 जूनचं सांगत बसल्या. निसर्ग वादळात त्यांच्या वाडीतली सुपारी आडवी झाली, कौलं गेली, आणि बंद घरांचे मालक फोन करत होते की आमचं छप्पर बघता का. त्यांच्या स्वतःच्या घरावर तेव्हा ताडपत्री होती.

असो. समुद्राजवळची जमीन आमच्या खिशाला झेपणारी नव्हतीच. त्यात भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे नियम, ते ऐकून ह्यांचा निम्मा उत्साह माणगावलाच उतरला. उरलेला घेऊन घरी आलो, तर ऑफिसातल्या कोणीतरी मंत्र दिला: समुद्र नाही जमत तर तलाव घ्या, नवेगावबांधकडे प्लॉट पडून राहिले.

म्हणून दिवाळीनंतरच्या शनिवारी गोंदियाच्या गाडीत बसलो. वडसा, अर्जुनी आणि देवलगावला उतरायचं, मग ऑटो. वडसा स्टेशनबाहेर नाटकांच्या फलकांची गर्दी. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, मंडईचे (दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे) दिवस सुरू झाले की तिथल्या कंपन्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. शनिवारी दिवसभर काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. लॉजची चादर ओली होती, एवढंच. रात्री शेजारच्या गावच्या मंडईत नाटक, पहाटेपर्यंत. हे दुसऱ्या अंकाला झोपले, खलनायकाच्या आरोळीनं दचकून उठले आणि पुन्हा झोपले.

नवेगावचा तलाव मात्र खरंच मोठा आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यानं बांधला असं सांगतात. डोंगरांच्या मध्ये जिथं पाणी वाहून जात होतं तिथं पाळी घातल्या आणि दरीचा तलाव झाला. सकाळी धुक्यात उभं राहिलं की पलीकडचा काठ कुठं सुरू होतो ते कळत नाही, समुद्रासारखंच. पण दहा वाजता सहलीच्या गाड्या आल्या, डीजे लागला, थर्माकोलच्या पत्रावळी उडायला लागल्या. आणि इथं तर काय, वाघांचं राखीव जंगल लागून. घर बांधायला कोण देणार? म्हणून प्लॉट निघाले लांबच्या एका खेड्यात, मामा तलावाच्या मागं. बाहेरच्यांसाठी सांगते: मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या वेळचे. मालगुजारी गेली, 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले, नाव मात्र मामाच राहिलं. त्या खेड्याचं नाव लिहीत नाही. तिथले भाव आधीच खूप चढलेत.

तर ट्रॉली. हे उतरल्यावर मी कागदांचं विचारलं. सातबारा अजून शेतीचाच. एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी? "होऊन जाते जी." शेतीचे असे चिमुकले तुकडे विकता येतात का? "सगळे घेऊन राहिले जी." मग घराकडे पाहणार कोण? "गावातला पोरगा ठेवून देऊ, फार्महाऊसवाल्यांना आम्ही सगळी सर्विस देतो." आमच्या ह्यांनी टोकन किती, हे विचारलं. मी तहान लागली म्हणून सरळ पाळीकडे चालू लागले.

पाळीवर, तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दाराजवळ, एक बाई शिंगाडे घेऊन बसली होती. पाण्यात तिचा नवरा ट्यूबवर पोट टेकून, एका हातानं वेल उलटत, दुसऱ्या हातानं शिंगाडे तोडत पुढं सरकत होता. बाई डावीकडच्या ढिगातला एक उचलायची, छोट्या विळीवर दोन्ही शिंगं कापायची, मग पाठीवर एक चीर, आणि अंगठ्यानं साल सोडवायची. तिचा अंगठा आणि दोन बोटं नखांपर्यंत काळी, धुऊन न जाणारी. मला एक कच्चा सोलून दिला. थंडगार, किंचित गोड, आणि खाली चिखलाची हलकी चव.

"कुठचे होय जी?"

ब्रम्हपुरीचे, म्हटलं.

"पिलाट पाह्याले आले का?" तिनं विळीवरून नजर उचलली नाही. "लय येऊन रायले आता. घर बांधसान त मंग रायसान का?"

"शनिवार-रविवार येऊ."

ती थांबली. "मंग चाबी कोनापाशी ठेवसान?"

मला त्या खिळ्यांची ओळच दिसली. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, उन्हाळ्यात कसं असते इथं? तिनं विळीनंच दाखवलं. "उन्हाऱ्यात पानी तिकडं जाते, त्या परसापावतर." पळस बराच आत होता, तलावाच्या पोटात. आमच्या झाडीत ळ चा र होतो, आणि मे महिन्यात तलावाचं मैदान होतं. तुडुम उघडलं की पाणी धानाला जाते; त्यासाठीच तर ते साठवलेलं. समुद्र सहा तासांत परत येतो, हा पावसाळ्यात येईल. ती सांगत होती की तलाव मासेमारी सोसायटीच्या ठेक्यात आहे, अन् प्लॉटवाले म्हणतात काठावर जाळी वाळवू नका, गिऱ्हाइकाले वास येते.

तेवढ्यात हे आले. प्लॉटवाला मागं. ह्यांनी तलावाकडे पाहिलं, ट्यूबवरच्या माणसाकडे पाहिलं, आणि शिंगाड्यांचा भाव विचारला. दोन किलो घेतले. बाईनं वरून ओंजळभर घातले. प्लॉटवाला घड्याळ पाहत राहिला.

देवलगावला गाडी दीड तास लेट. फलाटावर ह्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. दुपारी ज्यांच्याकडे जेवलो त्या ओळखीच्या घरची तांदळाची भाकर आणि झिंग्यांचा रस्सा, एवढंच बोललो. त्या माउलीनं आमच्यासाठी झिंगे कधी निवडले असतील कोण जाणे. रात्री साडेनऊला शेजारणीकडून आपल्याच घराची चाबी मागितली, तर तिनं दूध तापवून ठेवलेलं.

मंगळवारी प्लॉटवाल्याचा फोन आला. हे उकडलेले शिंगाडे सोलत बसले होते, बोटं काळीकुट्ट, म्हणून मला म्हणाले स्पीकर लाव. कोपऱ्याचा प्लॉट गेला, शेवटचे दोन उरले, आजच्या आज सांगा, असं तो म्हणाला. ह्यांनी एक शिंगाडा तोंडात टाकला, नीट चावला आणि विचारलं, "भाऊ, मे महिन्यात दाखवता का?"

तिकडून काही आवाज आला नाही. रेंज गेली असेल.