मटण स्ट्रीटवरची आरामखुर्ची

गावचं घर विकलं तेव्हा आजोबांची आरामखुर्ची कोणी नेली ते कळलंच नाही. तशीच एक हवी म्हणून परवा शनिवारी ठाण्याहून चोरबाजार गाठला. स्लो लोकल धरा, सँडहर्स्ट रोडला फास्ट थांबत नाही. तिथून मटण स्ट्रीट, म्हणजे चोरबाजारातली जुन्या वस्तूंची गल्ली, चालत. शुक्रवारी मात्र जाऊ नका. दुकानं बंद असतात आणि पहाटे रस्त्यावर जो जुम्मा बाजार भरतो, त्यात जड फर्निचर शोधण्यात अर्थ नाही.

ग्रामोफोनच्या कर्ण्यांमागे ती दिसली. लांब हात, हाताखाली फिरवून बाहेर काढायच्या फळ्या, त्यावर पाय टाकून पडायचं. दुकानदार म्हणाला, "बर्मा टीक है, मॅडम." हे तिथे सगळ्याच खुर्च्यांबद्दल म्हणतात. मी सरळ खुर्ची उलटी केली. वरून पॉलिश मारता येतं, पण बुडाला सहसा कोणी मारत नाही. तीन पाय जुन्या सागाचे, काळसर तपकिरी. चौथा पिवळट, त्यातले स्क्रूही फुलीचे. म्हणजे पाय नंतर बसवलेला. लपवत होता असंही नाही, विचारल्यावर हसला आणि अठरा हजारांवरून अकरावर आला.

वेत बघताना चौकटीची भोकं बघा. भोकाभोकातून ओवलेला असेल तर हाताने विणलेला; खाचेत पट्टी ठोकून बसवलेली असेल तर तयार जाळी, ती स्वस्तात बदलते. त्याच भोकांत मोबाइलचा टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण, खुर्ची कितीही गोड असो, सोडा. पाय जमिनीवर आपटून पिठासारखा भुसा पडला तर कीड. आणि बसा! पाच मिनिटं तरी बसा, लाजू नका.

मोठं कपाट-बिपाट हवं असेल तर जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवराचा बाजार बरा. तिथे जुन्या घाटाचं नवंही बनवून देतात, तेव्हा जुनं म्हणून पैसे मोजण्याआधी नीट विचारा.

टेम्पोचे दीड हजार, वेत नव्याने विणायचे बावीसशे. टेप घेऊन गेले होते, खुर्ची मोजलीही. लिफ्ट मोजायची राहिली. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने, प्रत्येक वळणावर टेम्पोवाल्याची शिवी. आता हॉलमध्ये फळ्या उघडल्या की बाल्कनीचं दार अडतं. कपडे वाळत घालायचे असले की सासूबाईंना पाय खाली घ्या म्हणावं लागतं. त्या घेत नाहीत.