आमची वाटचाल: हार्मोनियमपासून गिटारच्या ब्रिजपर्यंत

जळगावात वडिलांनी दुकान टाकलं ते हार्मोनियम-तबल्याच्या दुरुस्तीसाठी. भजनी मंडळं आणि शाळा हीच गिऱ्हाइकं. गिटार नंतर आली, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून आणि कॉलेजच्या पोरांकडून. आता दुकानातलं बहुतेक काम तिचंच, आणि त्यातही ब्रिजचं, म्हणजे गिटारच्या फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याचं.

कारण साधं आहे. सहा स्टीलच्या तारा मिळून ब्रिजला 70 किलोंच्या आसपास ओढतात, आणि हा ताण पेलते जेमतेम 3 मिलिमीटरची फळी. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की आपल्याकडे लाकूड वाळतं, पावसाळ्यात ओल धरून फुगतं. ब्रिज पुढे कलतो, ब्रिजच्या मागचा फळीचा भाग वर येतो, तारा उंच होतात.

मग पोरं विचारतात, पितळी पिना लावू का? ब्रिज डॉक्टर बसवू का? पिना म्हणजे तारांची टोकं ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या खुंट्या. ब्रिज डॉक्टर म्हणजे ब्रिजखाली आतून बसवायचा ठोकळा. त्यातली दांडी गिटारच्या शेपटाकडच्या ठोकळ्यावर रेटते आणि कललेला ब्रिज मागे फिरवते. फळी खरंच फुगली असेल तर ते कामाचं आहे, आम्हीही बसवतो. पण नुसत्या आवाजासाठी मी सहसा नको म्हणतो. ब्रिज हलतो म्हणून फळी हलते, आणि फळी हलते म्हणून गिटार बोलते. त्या ब्रिजचं स्वतःचं वजनच 30 ग्रॅमच्या आसपास. त्यावर धातू चढवला की सूर थोडा लांबतो, पण आवाजाची ताकद कमी होते. फार घुमणाऱ्या गिटारला हे मानवतं. जाड प्लायवूडची गिटार मात्र आणखी दबते.

म्हणून आम्ही आधी ब्रिजवर लावायच्या सामानाएवढ्याच वजनाची पुट्टीची गोळी चिकटवतो आणि गिऱ्हाइकालाच वाजवायला देतो. पितळेची चमक गोळीतून कळत नाही, वजनाचा परिणाम मात्र लगेच कळतो. निर्णय त्याच्या कानाचा.

त्याआधी आरसा घालून आत बघतो. तारेच्या टोकाची गोळी ब्रिजखालच्या, आतल्या पट्टीला नीट टेकलेली नसेल, पट्टीची भोकं झिजली असतील, तर कितीही भारी पिना लावा, आवाज मेलेलाच. पट्टी दुरुस्त केली की कित्येकांना पितळ लागतच नाही. हे काम वेळखाऊ, पैसा कमी, पण आमचं नाव झालं ते यावरच.

धुळे-नंदुरबारहून गिटार पाठवताना तारा दोन सूर उतरवा आणि लावलेलं सामान काढू नका. ते लावलेलं असताना एकदा वाजवून बघायचं असतं.