मोगरा आणि शेवंती एका तांब्यात

"मोगरा उन्हाळ्यातला, शेवंती थंडीतली. दोन्ही एका तांब्यात कशी गं?" सासूबाईंनी विचारलं. टर्पेंटाइनच्या वासामुळे एरवी त्या दारातूनच बोलतात, पण त्या दिवशी चष्मा लावून थेट चित्रापर्यंत आल्या होत्या.

प्रश्न रास्तच आहे. एप्रिलात खंडेराव मार्केटातून पावशेर मोगरा आणला होता. बडोद्याचा एप्रिल म्हणजे दुपारपर्यंत कळ्या तपकिरी, त्यामुळे रोज सकाळी तासभरच हाती यायचा. शेवंतीची जागा करड्या रंगाने नुसती धरून ठेवली होती, ती भरली डिसेंबरात.

जुन्या डच चित्रकारांनी हे सर्रास केलंय. बागेत ज्यांची कधी गाठ पडायची नाही, अशी फुलं त्यांच्या एकाच कुंडीत सुखाने नांदतात. यान व्हान हाउसुमने तर १७४२ साली पत्रात कळवलं होतं की पिवळा गुलाब मिळाला नाही, म्हणून चित्र अडलंय. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत. सासूबाईंना हे सांगितलं. "म्हणजे तोही तुझ्यासारखाच रेंगाळणारा," एवढंच त्या म्हणाल्या.

माझा खरा घोळ मोगऱ्यात झाला. पांढरं फूल म्हणून ट्यूबमधला पांढरा थापला आणि तांब्यात कापसाचे बोळे दिसायला लागले. सगळं खरवडलं. मग नीट बघितलं, तर तांब्याजवळच्या पाकळ्यांवर तांबूस झाक होती, देठाकडे हिरवट करडा आणि सावलीत चक्क जांभळट. निव्वळ पांढऱ्याचे ठिपके शेवटी तीनच लागले. मागच्या कळ्यांच्या कडा रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने विरवल्या, तेव्हा कुठे पुढची कळी पुढे आली. पानांवर पिवळ्याची ग्लेझ, म्हणजे वरून पातळ पारदर्शक थर, मात्र दिली नाही. त्या काळचे वनस्पतींपासून केलेले पिवळे उडून गेले, म्हणून कित्येक डच चित्रांतली पानं आज निळी दिसतात. आपला पिवळा हिरव्यातच मिसळलेला बरा.

तांब्याच्या बुडाशी दोन कोमेजलेली फुलं काढलीत. त्या डच चित्रांत गळकी पाकळी, किडीने खाल्लेलं पान म्हणजे आयुष्य क्षणाचं, अशी खूण. कधी शेजारी कवटीही असते. मी हे मोठ्या उत्साहाने समजावत होते आणि सासूबाईंचं बोट त्या दोन फुलांवर.

"ते निर्माल्य तेवढं उचल आधी."

मी थबकलेच. मला त्यात मरण काढायचं होतं आणि त्यांना दिसत होती देवाला वाहून झालेली, आता पाण्यात सोडायची फुलं. रात्री दोन्ही फुलांखाली देवघरातल्या ताम्हनाची कड काढली. आता रंग वाळला की सही, एप्रिल आणि डिसेंबर दोन्ही लिहून.