पाडलेल्या वाड्याचे मतदार

मतदान झालं की दुसऱ्या दिवशी पेपरातून पुणेकरांची हजेरी घेतली जाते. २०१९च्या लोकसभेला पुण्यात पन्नास टक्केही धड झालं नाही, २०२४ला त्यात तीन-चार टक्क्यांची भर पडली. दोन्ही वेळा ओरडा एकच: तिकडे गडचिरोलीत लोक जंगलातून चालत येऊन सत्तरच्या वर टक्का नेतात आणि इथे शिकलेसवरलेले घरात झोपतात. सदाशिव पेठेवर तर हा राग दुप्पट निघतो. मला राग मान्य आहे. भागाकार मान्य नाही.

टक्का काढताना वर झालेलं मतदान असतं आणि खाली यादी. ही यादी काय चीज आहे ते पेठेत राहिल्याशिवाय कळत नाही. आमचा वाडा पाडून तिथे पार्किंगवाली बिल्डिंग उभी राहिली त्यालाही आता जमाना झाला. बिऱ्हाडं कुणी कोथरूडला, कुणी सिंहगड रोडला, कुणी थेट धायरीला गेली. नावं मात्र गेली नाहीत. यादीत आमचा वाडा अजून पडलेला नाही. माडीवरचे, चौकातले, नळाजवळच्या खोलीतले सगळे जुन्या घर क्रमांकावर सुखानं नांदतायत. दोघांची मुलं अमेरिकेत आहेत, पण यादीप्रमाणे ती अजून इथेच. काही मंडळी त्याहून लांबच्या प्रवासाला गेली, त्यांचीही नावं आहेत. माणूस गेल्यावर बँकेसाठी, विम्यासाठी दाखले निघतात. नाव वगळण्याचा सात नंबरचा फॉर्म कोण भरतो? यादी तपासायला बीएलओ (केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून येणाऱ्या अंगणवाडीच्या बाई तरी कितीदा जिने चढणार? केंद्राधिकाऱ्याकडे अशा मंडळींची वेगळी यादी असते म्हणे, अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत. टक्का काढताना मात्र सगळे एका पंगतीला.

अर्थात सगळं खापर मयतांवर फोडणं बरं नव्हे. पारावर बसून रोज इस्रायलला सल्ला देणारे आमचे काही शेजारी जोडून सुट्टी आली की दापोलीला असतात. २०२४ला विधानसभेचं मतदान बुधवारी ठेवलं ते याच लोकांसाठी. आयोगानं तसं सांगूनच टाकलं होतं.

आता कलाचं. पेठेचा कल म्हणजे उघडं गुपित. एकेकट्याचं मत गुप्त असेल, पण गल्लीचं नाही. शिक्के मारायच्या काळात मोजण्याआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायची सोय होती. यंत्रं आली आणि केंद्रवार आकडे उघड्यावर आले. ते पुन्हा एकत्र करायला टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं असं आयोगानं २००८मध्ये सुचवलं, ते काही झालं नाही. त्यामुळे हजार-बाराशे नावांच्या आमच्या बूथनं कुणाला किती दिली, हे निकालानंतर कार्यकर्त्याला तोंडपाठ असतं. पुढच्या वेळी त्याच्या हातातल्या यादीवर खुणा असतात: आपला, त्यांचा, डळमळीत. मतदानाच्या दिवशी पक्षाचा आत बसलेला पोलिंग एजंट येऊन गेलेल्यांच्या नावांवर खुणा करत जातो आणि तीन वाजल्यापासून फोन सुरू होतात. “काकू, अजून आला नाहीत? रिक्षा पाठवू का?” याला मतदान बाहेर काढणं म्हणतात. ‘त्यांच्या’ काकूंना अर्थातच निवांत वामकुक्षी घेऊ दिली जाते.

या बाहेर काढण्याचं महत्त्व आमच्या कसबा विधानसभेच्या २०२३च्या पोटनिवडणुकीनं शिकवलं. १९९५पासून भाजपचा मतदारसंघ. गिरीश बापट पाच वेळा, मग मुक्ता टिळक. टिळकांच्या निधनानंतर उमेदवारी त्यांच्या घरात गेली नाही, हेमंत रासनेंना मिळाली. ‘कुलकर्णींचा मतदारसंघ गेला, टिळकांचा गेला’ असे फलक लागले; कुलकर्णी म्हणजे २०१९ला तिकीट कापलेल्या कोथरूडच्या मेधा कुलकर्णी. बापट नाकात नळी असताना चाकाच्या खुर्चीवरून प्रचाराला आले. भाजपच्या चंद्रकांतदादा पाटलांनी “हू इज धंगेकर?” विचारलं आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास अकरा हजारांनी निवडून आले. लोक म्हणाले, पेठेनं कूस बदलली. मला नाही तसं वाटत. पेठ आपलं मत सहसा बदलत नाही, ती रुसते. रुसलेला माणूस दुसऱ्याचं बटण दाबत नाही, तो उंबरा ओलांडत नाही. यंत्रावर ‘नोटा’चं बटण आहे की, असं म्हणाल, पण कुणीच नको हे सांगायला उन्हात रांग कोण लावणार? ते घरी बसूनही सांगता येतं. पुढच्याच वर्षी विधानसभेला त्याच दोन प्रमुख उमेदवारांत निकाल उलटा लागला, रासने जिंकले, तोही एकोणीस हजारांच्या वर. रुसवा निघाला होता, इतकंच.

मला या दिवसाचं अप्रूप वेगळ्या कारणानं आहे. शाळेच्या फाटकाशी धायरीची मंडळी रिक्षातून उतरतात, कोथरूडची पार्किंग शोधत भांडत येतात आणि रांगेत अख्खा वाडा पुन्हा एकदा गोळा होतो. कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या नातवाला कुठे अॅडमिशन मिळाली, सगळं रांगेतच कळतं. शाई लावलेली बोटं दाखवून सवलतीतली मिसळ खायची, की पुढच्या निवडणुकीपर्यंत रामराम. आठ नंबरचा फॉर्म भरून नाव तिकडे न्या, असं यांना कुणी सुचवलं तर विषय मिसळीच्या कटाकडे वळतो.

गेल्या वेळी चार वाजता यादीवाला पोरगा घामाघूम होऊन माझ्याकडे आला. माडीवरच्या काकूंचं नाव राहिलं होतं.

“येणारेत का त्या?”

“गेल्या त्या.”

“कुठे, धायरीला?”

मी वर बोट केलं. शाईचंच. तो क्षणभर गप्प झाला, यादीवर काट मारली आणि म्हणाला, “मग नाव कमी करा की ओ. टक्का खाली येतो आमचा.”