आमची वाटचाल: एक वाडा, एक ओळंबा आणि एक उचल

जुने घर विकत घ्यायचे, त्याची नीट दुरुस्ती करायची आणि ते पुन्हा विकायचे, या व्यवसायाला बडोद्यात अजून धड नाव मिळालेले नाही. बिल्डर आम्हाला दलाल समजतात, दलाल आम्हाला बिल्डर समजून दलाली वाढवून मागतात, आणि नात्यातल्या लग्नकार्यात माझी ओळख 'हा जुनी घरं उचलतो' अशी करून दिली जाते. पेढी 2010 साली सुरू झाली तेव्हा माझ्याजवळ सिव्हिलचा डिप्लोमा, वडिलांनी दिलेले सहा लाख रुपये आणि आजोबांचा पितळी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचे दोरीला बांधलेले वजन, होता. सयाजीराव महाराजांनी 1890 साली काढलेल्या कलाभवनात आजोबा सुतारकाम शिकले, आणि तो ओळंबा तेव्हापासून घरात आहे. भागीदार म्हणावा असा माणूस एकच होता, दाहोदकडचा एक गवंडी, ज्याला साइटवर सगळेच मामा म्हणतात.

पहिले घर कारेलीबागेतले दोन खोल्यांचे होते आणि ते बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी घेतले. व्यवहार ठरण्याआधी सलग चार दिवस संध्याकाळी ते वही घेऊन येत आणि रुपयाच्या नाण्याने एकेक फरशी वाजवून बघत. खाली माल नीट भरलेला असला की आवाज टणक येतो, पोकळी राहिली असेल तर भद्द येतो. त्यांनी अकरा फरश्यांवर खडूने फुल्या मारल्या, मामांनी त्या मुकाट्याने उचलून पुन्हा बसवल्या, आणि तेव्हापासून आमच्याकडे फरशीचे पैसे नाणे वाजवल्याशिवाय निघत नाहीत. पुढे काकांच्या ओळखीतून पाच गिऱ्हाइके आली. एकानेही भाव पाडून मागितला नाही, मात्र प्रत्येक जण खिशात नाणे घेऊन आला.

2012 ते 2018 या काळात सतरा घरे झाली आणि ती सगळी थोड्याफार नफ्यात गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

लिहायचे आहे ते दांडिया बाजारातल्या वाड्याबद्दल. जानेवारी 2019 मध्ये तो आम्ही 38 लाखांना घेतला. सात वारसांच्या सह्या आणि दोन हक्कसोडपत्रे यांतच आधीचे चार महिने गेले होते. मुद्रांक 4.9 टक्क्यांनी 1,86,200 रुपये आणि नोंदणी फी एक टक्क्याने 38,000 रुपये भरली. (सर्व खरेदीदार स्त्रिया असतील तर गुजरातेत नोंदणी फी माफ आहे. पत्नीच्या नावे दस्त केला असता तर हे 38,000 वाचले असते, हे तिने मला नंतर अनेकदा सांगितले आहे.) वीस लाख रुपये महिना दीड टक्का व्याजाने उचललेले होते, म्हणजे काम चालो वा बंद राहो, महिन्याला तीस हजार जाणारच. दुरुस्तीचा अंदाज नऊ लाखांचा होता आणि दिवाळीच्या आत विकायचे ठरले होते.

वाडा बाहेरून देखणा होता, सागाचे खांब, कडीपाटाचे लाकडी छत, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती. अशा घरात तुळई, म्हणजे छत पेलणारे आडवे लाकूड, मधून सहसा कुजत नाही. कुजते ती भिंतीत गेलेली टोके, कारण तिथे ओल मुरते आणि वारा लागत नाही. मामांनी माजघरातल्या तुळईच्या टोकाशी पटाशी टेकवली आणि नुसत्या तळहाताने दाबली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा पात्यावर ओल्या भुशासारखे काहीतरी होते आणि त्यात वाळवी वळवळत होती. नऊ तुळयांपैकी पाच बदलाव्या लागल्या, आणि नऊ लाखांचा अंदाज त्या दुपारीच संपला.

माणसेही तेव्हा मिळेनात. बडोद्यातले बहुतेक बिगारी दाहोद, पंचमहाल आणि झाबुआकडचे असतात. ते होळीला गावी जातात ते पंधरवडा परत येत नाहीत, आणि पहिला पाऊस पडला की पेरणीसाठी पुन्हा जातात. हे ठाऊक असूनही मी वेळापत्रकात त्यासाठी एक दिवसही ठेवला नव्हता, ही चूक माझी. मामाही पेरणीला गेले, म्हणून गच्चीचे आणि गिलाव्याचे काम मी एका ठेकेदाराला उक्ते दिले आणि त्याने मागितली तेवढी, म्हणजे 2,40,000 रुपये उचल दिली. त्याच्याकडे लेझर लेव्हल होती आणि आमची नळीची पाणसळ, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली नळी, बघून तो हसला होता. नळीतला बुडबुडा काढला की भिंतीआडच्या खोलीतही पातळी एका सुताने चुकत नाही, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

या माणसाने मृग लागल्यावर गच्चीचा जुना कोबा, म्हणजे चोपून घट्ट केलेला वरचा थर, फोडला. मी विरोध केला, पण उचल दिलेल्या माणसापुढे मालकाचा आवाज किती चढणार? जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो माणसांसकट दुसऱ्या साइटवर निघून गेला. ती साइट होती एका गृहस्थाची, जो तीन वर्षे आमच्याकडे देखरेखीला होता, ज्याने आमच्या दरांची वही पाहिली होती आणि ज्याने त्याच वर्षी स्वतःची पेढी काढली होती. त्याने मजुरीचा दर चौरस फुटाला आठ रुपयांनी वाढवून आमची माणसे नेली. आज त्याच्या जाहिरातीत 'वाड्यांचे पुनरुज्जीवन' असे शब्द असतात. पुनरुज्जीवन म्हणजे काय, ते त्याने आमच्या वाड्याची गच्ची उघडी टाकायला लावून आधी दाखवले होते.

31 जुलै 2019 रोजी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना वर्णन नको. रात्री अकरा वाजता मी आणि फरशी वाजवणाऱ्या त्या काकांचा पुतण्या ताडपत्री घेऊन गुडघाभर पाण्यातून वाड्यावर पोहोचलो, तेव्हा वरच्या खोलीतला नवा गिलावा कणीक सुटावी तसा भिंतीवरून सुटत होता. ठेकेदाराने चुन्याच्या ओल्या भिंतीवर थेट सिमेंटचा गिलावा करून वर पुट्टी मारली होती. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. तिला सिमेंटने झाकले की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि पापुद्रे सुटू लागतात. पाऊस नसता तरी ते वर्षभरात व्हायचेच होते, आणि तेव्हा घर गिऱ्हाइकाचे झालेले असते. त्या दृष्टीने पावसाने आमची लाजच राखली.

मामा गणपतीनंतर परतले. त्यांनी सगळा गिलावा उतरवला, भिंती दोन महिने उघड्या वाळू दिल्या आणि पुन्हा चुन्यातच काम केले. खर्च 15,60,000 वर गेला. त्यातल्या बिलांवरचा जीएसटी, सिमेंटवर तेव्हा 28 टक्के, कुठेच वळता होत नाही, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजा करता येत नाही, कारण पूर्ण झालेले जुने घर विकताना जीएसटीच लागत नाही. हे नव्या लोकांना कोणी सांगत नाही आणि ते बिल बाजूला ठेवून नफा मोजतात.

वाडा शेवटी काकांच्या पुतण्यानेच 58,50,000 रुपयांना घेतला. चौदा महिन्यांचे व्याज 4,20,000 आणि एक टक्का दलाली धरून आमचा तोटा 2,12,700 रुपये झाला. त्यात ती उचल धरलेली नाही. त्या वेळी मला वाटले होते की घाईने विकले, पण दस्त मार्च 2020 च्या दुसऱ्या आठवड्यात नोंदला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी आली. वाडा गळ्यात राहिला असता तर ही वाटचाल तिथेच थांबली असती.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी विचारलेले नाही, तरी सांगतो. माल आपण आणावा आणि ठेकेदाराला फक्त मजुरी द्यावी. उचल एका आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त देऊ नये, आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवावी. न्हाणीघरात पाणी अठ्ठेचाळीस तास तुंबवून खालचे छत बघितल्याशिवाय फरशी टाकू नये, आणि ढाळ मीटरला सेंटीमीटरभर तरी असावा. मोरबीची महाग टाइल आणि फॉल्स सीलिंग यांवर पैसे घालणाऱ्यांनी आधी गच्ची बघावी. ज्या ठेकेदाराला ओळंबा हातात धरता येत नाही, त्याला भिंत देऊ नये.

काका आता पंच्याऐंशीचे आहेत. जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्याच्या फरश्या तेवढ्या वाजवून जातात. 2,40,000 रुपयांची ती उचल आमच्या खातेवहीत आजही 'येणे' म्हणून उभी आहे. दर मार्चला सीए ती बुडीत खात्यात टाकू का असे विचारतात, आणि मी दर वर्षी नको म्हणतो.