तासाच्या ठोक्याला मरणारा रास्पबेरी पाय आणि तीन मीटरची केबल

मागच्या वेळी लिहिलं होतं की पर्जन्यमापक बसला, टिचक्या मोजतो (आतली छोटी वाटी भरून उलटली की एक टिचकी, म्हणजे ०.२८ मिमी पाऊस), आता फक्त आराम. आराम तीन दिवस टिकला.

मांडणी अशी: घर दारव्हा तालुक्यात, आमच्या गावात मोबाईलची रेंज फक्त टिनाखालच्या आड्यापाशी येते. म्हणून टिचक्या मोजणारा रास्पबेरी पाय ३बी (एका पाटीवरचा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') आणि ४जी डोंगल (सिमवरून नेट देणारी कांडी) दोन्ही वर बांधले. सॉकेट मात्र खाली ओसरीत, दाराजवळ. मधे तीन मीटरची मायक्रो यूएसबी केबल, बाजारातून आणलेली, छान जाडजूड दिसणारी.

पाय रीस्टार्ट व्हायचा. आधी मेमरी कार्डावर संशय घेतला, नवीन टाकलं, दीड दिवस त्यातच गेला. मग लॉग नीट पाहिला तर वेळा ८.००, ११.००, १२.००, १५.००. तासाच्या ठोक्याला! डोंगल आकडे पाठवतो तोही ठोक्यालाच.

काकाजी खाटेवरूनच म्हणाले, "चार्जर त ३३ वॅटचा हाय ना बावा, मंग काऊन बंद पडून रायला?"

प्रश्न बरोबर होता. पण ते ३३ वॅट मोबाईलसाठी. फोन चार्जरशी बोलून जास्त व्होल्ट मागून घेतो. पाय काहीच मागत नाही, त्याला साधे ५ व्होल्टच मिळतात. शिवाय चार्जरच्या तोंडाशी किती व्होल्ट आहेत याला अर्थ नाही, बोर्डावर किती पोचतात ते बघायचं.

मल्टिमीटर घेऊन शिडीवर चढलो. चार्जरपाशी ५.१८. पायच्या २ आणि ६ नंबरच्या पिनांवर, नुसता बसलेला असताना, ४.६८. डोंगल पाठवायला लागला की ४.२ च्या आसपास, आणि मीटर सावकाश असल्यामुळे खरा खड्डा याहून खोल असणार. पायची धोक्याची रेषा ४.६३. म्हणजे रिकामा असताना जेमतेम पास, काम आलं की नापास. ज्या तासाला तो तग धरायचा त्यानंतर पायची गेट थ्रॉटल्ड कमांड (व्होल्टेज कमी पडलं का ते सांगणारी) ५०००० दाखवायची: आत्ता ठीक, पण मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. रीस्टार्ट झाला की ही खूणही पुसली जाते, म्हणून इतके दिवस चकवलं.

केबल कापून पाहिली. वरचं रबर करंगळीएवढं, आत तार केसासारखी. २८ गेज धरलं तर मीटरला ०.२१ ओहम, जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे सव्वा ओहम. अर्धा अँपिअर ओढला की ०.६ व्होल्ट वाटेतच खलास.

इलाज: ५ व्होल्ट लांब न्यायचेच नाहीत. घरच्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून १ चौरस मिमीची वायरिंगची वायर वर नेली, बॅटरीपाशीच २ अँपिअरचा फ्यूज. आड्यावर एलएम२५९६ चा बक मॉड्यूल (जास्त व्होल्ट घेऊन कमी करून देणारी छोटी पाटी). वाटेत थोडे व्होल्ट पडले तरी मॉड्यूल आपले ५ देतो, आणि चार्जिंगला बॅटरी १४.४ वर गेली तरी त्याला फरक पडत नाही. मॉड्यूल पायला जोडण्याआधी स्क्रू फिरवून ५.१ करा, भाऊ! माझा डब्यातून काढला तेव्हा ११ च्या वर देत होता. बाहेर जाणारी तार मायक्रो यूएसबीच्याच तोंडात दिली, पिनांवर नाही. पिनांवरून दिलं तर बोर्डावरचा फ्यूज बाजूला पडतो.

आता पिनांवर ५.०४, पाठवताना ४.९६. लाईन गेली तरी फरक नाही, आणि इकडे लाईन जाणं म्हणजे रोजचंच. अपटाइम, म्हणजे न थांबता चालू, १९ दिवस. परवा रात्री ६१ मिमी मोजला, एकही तास रिकामा नाही. सकाळी काकाजींनी आकडा ऐकला आणि डवरणी चार दिवस पुढे ढकलली.

एक राहिलंय: बक मॉड्यूल दुपारी टिनाखाली हात लावू देत नाही. पाऊस उघडला की त्याला भिंतीवर खाली आणणार, आणि वायर पाइपातून नेणार. आड्यावर उंदीर आहेत.